विश्रांती कोणाला परवडते?

दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि महाराष्ट्रातील लांब पल्ल्याच्या धावण्याचा हंगाम शिखरावर पोहोचतो. त्यानंतर काय व्हायला हवे, याबद्दल जाणत्या प्रशिक्षकांत फारसा मतभेद नाही. दोन-तीन आठवडे धावणे जवळजवळ बंद, मग काही आठवडे हलक्या धावा, पोहणे, सायकल, ताकदीचे व्यायाम, आणि त्यापुढे काही महिने घड्याळाकडे न पाहता केलेले संथ, दीर्घ धावणे, ज्यावर पुढच्या हंगामाचा वेग उभा राहतो. आपल्याकडे प्रत्यक्षात घडते ते असे की फेब्रुवारी उजाडताच कुठल्या तरी तालुक्याच्या गावी शिवजयंतीनिमित्त, एखाद्या पतसंस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसानिमित्त रोख बक्षिसांची दहा किलोमीटरची शर्यत जाहीर होते, आणि जानेवारीत बेचाळीस किंवा एकवीस किलोमीटर जीव तोडून धावलेली तीच मुले-मुली छातीवर नवा क्रमांक लावून तिच्या प्रारंभरेषेवर उभी राहतात.

या मुलांना विश्रांतीचे महत्त्व कळत नाही, असा एक सोयीस्कर समज शहरी हौशी धावपटूंत आणि क्रीडाक्षेत्रातील अधिकाऱ्यांत आढळतो. त्यांतल्या बहुतेकांना ते चांगले कळते. त्यांचे ‘सर’ त्यांना ते सांगत असतात, मोबाइलवर जगभरच्या विजेत्यांचे सरावही ती पाहत असतात. परंतु खोलीचे भाडे, दूध-अंडी आणि बूट यांचा खर्च फेब्रुवारीतही चालूच असतो, आणि तो भागवण्याचा त्यांच्या हाती असलेला एकमेव मार्ग म्हणजे पुढची शर्यत. ऑफ-सीझनकडे, म्हणजे दोन हंगामांमधल्या या काळाकडे, आपण खेळाडूच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे आहे की महाराष्ट्रात तो प्रामुख्याने उत्पन्नाचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न आहे, आणि म्हणून त्याचे उत्तर एकट्या खेळाडूकडे किंवा त्याच्या प्रशिक्षकाकडे मागणे अन्यायाचे आहे.

या काळात शरीरात काय घडते, हे आधी पाहायला हवे, कारण त्यावरच पुढचा सगळा युक्तिवाद अवलंबून आहे. सहनशक्तीच्या सरावाने शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागते आणि हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त पुढे ढकलू लागतो. स्नायूंतील ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळे वाढायला कित्येक आठवडे लागतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा त्याहून सावकाश बळकट होतात, आणि हाडाच्या झिजेचे व नव्या भरणीचे एक चक्र पूर्ण व्हायला साधारण तीन ते चार महिने जातात. याचा अर्थ असा की तरुण धावपटूचा दम त्याच्या नडगीच्या हाडापेक्षा नेहमीच पुढे असतो. त्याला श्वास लागत नाही म्हणून तो धावत राहतो, आणि ग्राउंडवर ज्याला ‘शिन पेन’ म्हणतात ते दुखणे अंगावर काढता काढता एक दिवस हाडाला सूक्ष्म चीर पडते. हाडाने दमाची बरोबरी करावी यासाठी जो काळ द्यावा लागतो, तो शर्यतींच्या हंगामात मिळूच शकत नाही.

ऑफ-सीझन म्हणजे आराम, हा दुसरा गैरसमज. त्यातील खरी विश्रांती दोन-चार आठवड्यांपुरतीच असते, बाकीचा काळ भरपूर कष्टाचा, पण वेगळ्या कष्टाचा असतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ही गोष्ट जगाला पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरला त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हालबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तर काही दिवसांनी बॅरी मॅगीने मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळवले. ऑकलंडच्या एकाच भागातल्या या धावपटूंनी शर्यतींपूर्वीचे महिने आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावण्यात घालवले होते. त्यात डोंगराळ रस्त्यावरची सुमारे ३५ किलोमीटरची लांब धाव असे, आणि ती अवघ्या दोन मिनिटांत शर्यत संपवणाऱ्या स्नेललाही चुकत नसे. आधी पाया, मग चढ, मग वेग आणि शेवटी शर्यत, असा लिडियार्ड यांचा क्रम होता. तपशिलात त्यांच्याशी असहमत असणारे पुष्कळ आहेत, तरी वर्षाचे असे टप्पे पाडल्याशिवाय आज कोणीही गंभीर प्रशिक्षक काम करत नाही.

धावणे थांबवले की ‘दम जातो’ ही भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून उपदेश करणाऱ्यांवर मुले विश्वास ठेवत नाहीत, यात नवल नाही. अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षानुवर्षे सराव केलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्क्यांनी घटलेली आढळली. त्यापुढे ती घसरण थांबली, आणि स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे बारा आठवड्यांनंतरही जवळजवळ तसेच राहिले. त्याच सुमारास रॉबर्ट हिक्सन यांनी दाखवले की आठवड्याचे सहा दिवस चालणारा सराव दोन दिवसांवर आणला, पण त्या दोन दिवसांतली तीव्रता कायम ठेवली, तर ही क्षमता पंधरा आठवडे टिकून राहते. म्हणजे जे पटकन जाते ते पटकन परतही येते, जे सावकाश कमावलेले असते ते सावकाश जाते, आणि आठवड्यातून एक-दोन नेमक्या सत्रांनी बरेच काही राखता येते. तीन आठवड्यांची विश्रांती घेतलेला धावपटू फेब्रुवारीच्या शर्यतीत मागे पडेल हे खरे आहे. डिसेंबरच्या शर्यतीत तो त्यामुळे मागे पडणार नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्याला डिसेंबरपर्यंत थांबता येते, त्याच्यासाठी हा व्यवहार फायद्याचा आहे.

आता वेळापत्रकाकडे वळू, कारण महाराष्ट्राची अडचण इथे फार विशिष्ट स्वरूपाची आहे. ट्रॅकवरच्या स्पर्धांचे भारतीय वेळापत्रक आंतरराष्ट्रीय वेळापत्रकाशी जुळवलेले असते. फेडरेशन करंडक, आंतरराज्य स्पर्धा आणि राष्ट्रीय खुली स्पर्धा साधारण एप्रिल ते सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात होतात. त्या हिशेबाने ५,००० आणि १०,००० मीटर धावणाऱ्यांसाठी हिवाळा हा पायाभरणीचा काळ असायला हवा, आणि जानेवारीच्या आसपासच्या क्रॉस-कंट्री (माळरानावरून धावण्याच्या) स्पर्धांचे प्रयोजनही तेच. परंतु आपल्या हवामानात रस्त्यावर वेगाने धावण्याजोगे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच असतात, त्यामुळे रोख बक्षिसांच्या बहुतेक शर्यती नेमक्या याच चार महिन्यांत दाटीवाटीने येतात. वसई-विरार आणि पुण्याच्या मॅरेथॉन डिसेंबरमध्ये, मुंबईची जानेवारीत, आणि त्यांच्या मागेपुढे जिल्ह्या-तालुक्यांच्या शर्यती. युरोपातला धावपटू हिवाळ्यात जंगलवाटांवर संथ किलोमीटर जमवत असतो, तेव्हा आपला धावपटू दर रविवारी जोर लावत असतो, आणि एप्रिलमध्ये ट्रॅकचा हंगाम उघडतो तेव्हा त्याचे पाय आधीच थकलेले असतात. दोन वेगवेगळ्या जगांची दोन वेळापत्रके एकाच शरीरावर लादली गेली आहेत. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, पण त्यांची बेरीज जवळजवळ बारा महिन्यांची होते.

आर्थिक बाजू याहून कठोर आहे. गंभीरपणे तयारी करणारा धावपटू आठवड्याला १२० किलोमीटर सहज धावतो. सरावाच्या बुटांची जोडी सामान्यतः पाचशे ते आठशे किलोमीटर टिकते, म्हणजे दीड महिन्यात तिचा जीव संपतो. त्यात नाशिक, पुणे किंवा सांगलीसारख्या ठिकाणी चार-पाच जणांत घेतलेली खोली, मेस, प्रवास. घरची शेती कोरडवाहू असेल तर घरून पैसे येण्याऐवजी घरीच पाठवावे लागतात. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो, आणि ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्यांसाठी केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेत मुख्य गटाला ५०,००० व विकास गटाला २५,००० रुपये. या योजना चांगल्याच आहेत, पण त्या उजेडात आलेल्यांसाठी आहेत. राज्यात पाचव्या ते पन्नासाव्या क्रमांकावर असलेल्या मुलामुलींना, म्हणजे ज्यांच्यातून पुढचा विजेता निघण्याची शक्यता सर्वाधिक असते त्यांना, फेब्रुवारीत कोणीही काही देत नाही. गावच्या शर्यतीचे काही हजारांचे बक्षीस त्यांच्यासाठी पगाराच्या जागी असते, आणि विनापगार रजा घ्या असे सांगणाऱ्याने पगाराचे काय, या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

आपल्याच मातीतले सर्वांत यशस्वी उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका केल्या, आणि त्यानंतर सैन्याच्याच क्रॉस-कंट्री स्पर्धांतून धावण्याकडे वळला. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला ३,००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत मजल मारली. यात त्याच्या जिद्दीचे श्रेय कमी करण्याचा हेतू नाही. परंतु दरमहा वेळेवर मिळणारा पगार, ठरलेले जेवण, उपचारांची सोय आणि कोलोराडो स्प्रिंग्ससारख्या उंचावरच्या ठिकाणी सराव करण्याची संधी यांमुळे, कोणती शर्यत धावायची नाही हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले. नोव्हेंबर २०२० मध्ये तो दिल्लीत अर्धमॅरेथॉन धावला आणि १ तास ३० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून गेला. ट्रॅकच्या धावपटूसाठी अशी एखादी रस्त्यावरची धाव सहनशक्तीच्या टप्प्याचा भाग असू शकते. अशाच शर्यतींच्या मागच्या रांगांत, तेच अंतर, पुढच्या महिन्याचे भाडे निघावे म्हणून धावणारेही असतात.

माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबरचे उदाहरणही याच दिशेचे आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आल्यानंतर ती स्टीपलचेसकडे वळली, २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओला अंतिम फेरीत पोहोचली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी लॉस एंजेलिसला अंतिम फेरी गाठली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी एका भारतीय महिलेने ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठली होती. रस्त्यावर हमखास जिंकता येत असताना ते सोडून नव्या प्रकारासाठी शरीर पुन्हा घडवणे, हे रेल्वेची नोकरी पाठीशी असल्यामुळे निदान शक्यतेच्या कक्षेत आले, असे मला वाटते. ती नोकरी नसती, तर दर हिवाळ्यात रस्त्यावरच्या बक्षिसांचा मोह टाळणे कितपत जमले असते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

शाळकरी मुलांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. त्यांना ऑफ-सीझन मिळतो, पण तो कोणी आखलेला नसतो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या काही आठवड्यांच्या अंतराने येतात, आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी पालकही उत्साहाने मुलांना उतरवतात. मग फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षांसाठी ग्राउंड पूर्णपणे बंद. मे महिन्यात एखादे उन्हाळी शिबिर, आणि जूनमध्ये मैदानावर गुडघाभर चिखल असल्यामुळे पुन्हा खंड. त्यानंतर स्पर्धेला तीन आठवडे उरले की पहिल्याच दिवशी चारशे मीटरच्या दहा फेऱ्या जोरात. पाया न घालता वेग मागण्याची ही पद्धत मुलांची जितकी हानी करते, तितकी अतिसरावानेही होत नसावी. ज्या वयात महिनोन्महिने नुसते खेळत, डोंगर चढत, हलके धावत दम कमवायचा, त्या वयात ही मुले एक तर स्पर्धेत असतात किंवा बाकावर. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी महामार्गाच्या कडेला पहाटे धावणाऱ्या तरुणांचीही हीच गत आहे. जाहिरात निघाली की धावणे, पुढे ढकलली की थांबणे.

मुलींच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे, आणि त्याबद्दल आपल्या ग्राउंडवर अजूनही दबक्या आवाजातच बोलले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. सहनशक्तीचा खेळ मुळातच रक्तातील लोहावर चालतो, आणि रोजच्या धावण्याने ते आणखी खर्च होते. जेवढे खर्च होते तेवढे खाल्ले गेले नाही, तर शरीर काटकसर करते. पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेकडे स्वतंत्र आजार म्हणून लक्ष वेधले आहे, तरी पाळी बंद होणे म्हणजे सराव उत्तम चालला असल्याची खूण, असे मानणारे लोक आजही भेटतात. हंगामाच्या मधोमध हिमोग्लोबिन आणि लोहसाठा तपासून त्यावर उपाय करणे अवघड असते, कारण साठा भरून यायला महिने लागतात. त्यासाठी शर्यती नसलेला काळच हवा. नाशिक जिल्ह्यातील हरसूल-पेठ-सुरगाणा पट्ट्याने ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत दिली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने १०,००० मीटरमध्ये मिळवले. त्या पट्ट्यात तिच्यामागून धावायला लागलेल्या मुलींपैकी किती जणींची वर्षातून एकदा तरी रक्ततपासणी होते, हा प्रश्न पदकांच्या सत्कारसमारंभात कोणी विचारत नाही.

माझ्या मताविरुद्ध एक भक्कम उदाहरण आहे, आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. जपानचा युकी कावाउची वर्षभर, कधी कधी महिन्यातून दोनदाही, मॅरेथॉन धावत असे, आणि तरीही २०१८ मध्ये पावसात आणि थंड वाऱ्यात झालेली बोस्टन मॅरेथॉन त्याने जिंकली. दोन तास वीस मिनिटांच्या आत त्याने शंभराहून अधिक मॅरेथॉन पूर्ण केल्या. मग ऑफ-सीझन हवा कशाला? परंतु कावाउची सायतामा प्रांताच्या सरकारी सेवेत पूर्णवेळ कारकून होता. नोकरीमुळे तो बहुधा दिवसातून एकदाच धावत असे, आठवड्यातील बहुतेक धावा अगदी संथ असत, आणि शर्यती हाच त्याचा कठीण सराव होता. त्याने विश्रांती वर्षाच्या एका टोकाला न ठेवता आठवड्याआठवड्यात वाटून घेतली होती. आणि कोणत्याही रविवारी तो हरला असता, तरी सोमवारी त्याचा पगार थांबणार नव्हता. आपल्याकडे दर आठवड्याला धावणारी मुले त्याची नक्कल करत असतील, तर त्यांनी त्याच्या शर्यती घेतल्या आहेत आणि त्याची नोकरी सोडून दिली आहे.

जपानचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावासा वाटतो. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच दमट आणि असह्य असतो. लांब पल्ल्याचा हंगाम शरद ऋतूपासून सुरू होऊन १ जानेवारीच्या कंपनी संघांच्या एकिडेनपर्यंत (एकिडेन म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची सांघिक रिले शर्यत) आणि २-३ जानेवारीला विद्यापीठांच्या हाकोने एकिडेनपर्यंत चढत जातो. म्हणजे त्यांचे शिखर आणि आपले शिखर जवळजवळ एकाच महिन्यात येते. उन्हाळ्यात तिथले संघ होक्काइडोसारख्या थंड भागांत किंवा डोंगराळ ठिकाणी तळ ठोकून पाया घालतात. हे जमते कारण कंपन्या आपल्या धावपटूंना बाराही महिने पगार देतात. आपल्याकडे पगार नाही, पण डोंगर आहेत. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वर-पाचगणीपासून इगतपुरी-त्र्यंबकपर्यंत, दीर्घ आणि संथ धावण्यासाठी याहून चांगली हवा शोधून सापडणार नाही. ट्रॅक पाण्याखाली गेल्याचे दुःख करण्यात आपण जे चार महिने घालवतो, ते वस्तुतः मुंबई मॅरेथॉनच्या तयारीचे सर्वोत्तम महिने आहेत. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पावसाळ्याअखेर होणाऱ्या अर्धमॅरेथॉनमुळे हौशी धावपटूंनी हे ओळखले आहे. ग्रामीण स्पर्धात्मक धावपटूंसाठी मात्र तिथे चार महिने राहण्या-जेवण्याची व्यवस्था कोणी केलेली नाही.

अशी व्यवस्था आपल्या क्रीडापरंपरेला अपरिचित आहे, असे मुळीच नाही. कुस्तीच्या मैदानांचा हंगाम जत्रांबरोबर चालतो आणि पावसाळ्यात मंदावतो. त्या काळात तालमीत जोर-बैठका, मेहनत आणि खुराक यांवर भर असतो, आणि पैलवान मैदानात कधी उतरवायचा हे वस्ताद ठरवतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवानांना जो राजाश्रय दिला, त्यामागचे शहाणपण हेच होते की मैदान नसतानाही पैलवानाला खावे लागते. धावपटूसाठी आपण मैदाने भरपूर उभी केली, खुराकाची जबाबदारी मात्र कोणाचीच ठेवली नाही.

शहरातल्या हौशी धावपटूंबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जानेवारीत मुंबई, जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतील सुमारे नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स, सप्टेंबरमध्ये सातारा किंवा लडाख, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यातील ट्रायथलॉन आणि पुन्हा जानेवारी, असे वर्ष आखणाऱ्यांना थांबणे परवडते. ते थांबत नाहीत, ही त्यांची निवड आहे, आणि तिचे परिणाम फिजिओथेरपिस्टची फी देऊन ते भोगू शकतात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांच्याकडे एक मागणी मात्र आहे.

मुंबई मॅरेथॉनच्या सगळ्या गटांत मिळून आता साठ हजारांहून अधिक लोक भाग घेतात. प्रत्येकाच्या प्रवेशशुल्कात पन्नास रुपये जादा घेतले, तर तीस लाख रुपये उभे राहतात. ‘खेलो इंडिया’च्याच दराने, महिन्याला दहा हजार रुपये याप्रमाणे, शंभर धावपटूंना तीन महिने पोसायला एवढी रक्कम पुरते. ही एका शर्यतीची गोष्ट झाली. राज्यातील इतर मोठ्या शहरी शर्यतींनी आपापल्या परीने भर घातली, आणि राज्य शासनाने खेळाडू घडवण्याच्या आपल्या ‘मिशन लक्ष्यवेध’ योजनेमध्ये ॲथलेटिक्सचा समावेश केलाच आहे, तर त्यातला काही वाटा मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या पावसाळी शिबिरांसाठी राखून ठेवला, तर पैशाचा प्रश्न न सुटण्याइतका मोठा उरत नाही. पदक मिळाल्यावर दिल्या जाणाऱ्या लाखो-कोटींच्या बक्षिसांपुढे तर तो किरकोळ आहे.

पैशाच्या बदल्यात अट घालता येते, आणि ती घालायला हवी. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक खेळाडूला ओळखक्रमांक असतो. रोख बक्षिसांच्या शर्यतींना जिल्हा संघटनेची मान्यता देताना हा क्रमांक बंधनकारक केला, तर मानधन घेणारा धावपटू हंगामात किती शर्यती धावला हे कळू शकते आणि त्यावर मर्यादा घालता येते. वीस वर्षांखालील मुलांसाठी तर मानधन असो वा नसो, ही मर्यादा असलीच पाहिजे, आणि फेब्रुवारी-मार्च हे दोन महिने त्यांच्यासाठी पाच किलोमीटरच्या वरच्या सर्व रोख शर्यती बंद असल्या पाहिजेत. यावर गावच्या संयोजकांचा आक्षेप येईल की शिवजयंतीची शर्यत ही गावाची हौस आहे, तिथे दुरून नामवंत धावपटू आले नाहीत तर रंगत राहत नाही. आक्षेप अप्रामाणिक नाही. या शर्यतींनीच खेड्यापाड्यांत धावण्याची आवड रुजवली, हे मी नाकारत नाही. पण गावची शर्यत गावच्या मुलांनी धावली, बक्षिसाची रक्कम त्यांच्यातच वाटली गेली, तर गावाचे काय नुकसान होते? तेच चार-पाच चेहरे दर रविवारी वेगवेगळ्या तालुक्यांत पाकिटे घेऊन जातात, तेव्हा स्थानिक मुलगा सहाव्या क्रमांकावर राहतो आणि पुढच्या वर्षी येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मर्यादा आधी येईल आणि मानधन नंतर, किंवा कधीच नाही, अशी भीती धावपटूंना वाटेल, आणि सरकारी अनुदानांचा आजवरचा अनुभव पाहता ती रास्त आहे. म्हणून क्रम उलटा ठेवावा लागेल. पहिल्या वर्षी कोणतीही बंदी न घालता फक्त मानधन आणि शिबिर, तेही एखाद्या जिल्ह्यापुरते. धावण्याची परंपरा आणि डोंगर दोन्ही जवळ असल्यामुळे नाशिक किंवा सातारा यांपैकी कोणताही चालेल. निवड जिल्हा आणि राज्य स्पर्धांतील वेळेवर व्हावी, शिफारशीवर नको. शिबिरात दाखल होताना रक्ततपासणी आणि हाडा-स्नायूंची तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल खेळाडूच्या हाती द्यावा. पैसे मात्र मुंबई मॅरेथॉनच्या आठवडाभरात, फेब्रुवारी सुरू होण्याआधी, त्याच्या खात्यात पोहोचले पाहिजेत. आर्थिक वर्ष संपताना मंजूर होऊन जूनमध्ये जमा होणाऱ्या मानधनाचा या कामी काडीचाही उपयोग नाही, कारण तोवर तो चार शर्यती धावून मोकळा झालेला असेल.